नागलीची पुडी

आमच्या नाशिककडे बुरशी या शब्दाला भलतंच वाईट नाव आहे. द्राक्षाच्या हंगामात आभाळ भरून आलं की माणसं ताटावरून उठून फवारणीच्या पंपाकडे जातात. डावणी आली, भुरी आली, एवढं कुणी नुसतं म्हटलं तरी घरातल्या बायकांचे चेहरे उतरतात. सगळा जिल्हा पहाटे उठून बुरशी मारायला निघायचा, त्या वेळी इंदिरानगरमधल्या एका तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये एक माणूस बुरशी वाढवत असायचा. आणि तिच्या खोलीत जाण्याआधी दारावर टकटक करायचा.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा विचारलं, "सर, आत कोण आहे?"

"कोणी नाही," खैरनार सर म्हणाले. "पण वाढतंय काहीतरी. एकदम दार लोटू नये."

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून मी लिहिते.

मी मखमलाबादच्या माळ्याची मुलगी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि ही गोष्ट मी कुणालाही सांगते, त्यात लाजायचं काय. वडील गुलछडी करायचे, मेथी-कोथिंबीर करायचे. पहाटे माल बाजारात टाकायचा आणि येताना मला कॉलेजच्या फाटकाशी उतरवायचं, असा आमचा नेम होता. त्या कॉलेजात खैरनार सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यातही शेवाळ, नेचे, बुरशी, म्हणजे ज्यांना फूल येत नाही अशांचं खातं त्यांच्याकडे. बाकीचे प्राध्यापक ते मागून घेत नसत.

सर मूळचे बागलाणातले. उभी नोकरी नाशिकला गेली, त्यामुळे बोलणं आमच्यापेक्षाही शुद्ध. पण मनातून काही हललं की गावाकडची अहिराणी बाहेर यायची. उंच होते. उंच माणसं दारातून जाताना वाकतात, सर मोकळ्या मैदानातही तसेच थोडे वाकलेले असायचे. चावीचं घड्याळ उजव्या मनगटावर. डबा स्टाफरूममध्ये न खाता प्रयोगशाळेत खिडकीशी उभ्यानं खायचे. एकदा मी म्हटलं, सर, बसून खा की. तर म्हणाले, "बसलं की समोर कोणीतरी लागतं."

त्यांना माणसं नको होती असं मुळीच नाही. माणसांना ते जड जायचे. त्यांची एक खोड होती. कुणी काही चांगलं झाल्याचं सांगितलं की सर विचारायचे, "आणि ज्यांनी नाही केलं, त्यांचं काय झालं?" एकदा ऑफिसातले हेडक्लार्क सगळ्यांना पेढे वाटत होते. सत्यनारायण घातला आणि महिन्यात मुलाला नोकरी लागली. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि अगदी कुतूहलानं विचारलं, "त्या महिन्यात ज्यांनी पूजा घातली नाही, त्यांच्या किती मुलांना लागली?" हेडक्लार्कांनी पेढ्याचा पुडा मिटला, आणि पुढे कैक वर्षं सरांच्या खरेदीचे कागद सगळ्यांच्या मागून पुढे सरकत राहिले. आपलं काय चुकलं ते सरांना कधी कळलं नाही. टोमणा मारणं त्यांच्या अंगातच नव्हतं. त्यांना खरोखर आकडा हवा होता.

दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य, "दिसलं तर म्हणू." सर, पेपर सोपा येईल का? दिसलं तर म्हणू. सर, यंदा थंडी पडेल का? दिसलं तर म्हणू. पोरं त्यांच्या मागे नक्कल करायची. नक्कल मीही करायचे, आणि मला ती बरी जमायची.

सरांचं लग्न झालेलं होतं. बाई तरुणपणीच गेल्या. याबद्दल इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकलं. फ्लॅटच्या भिंतींना ओल येऊन पोपडे निघाले होते, मी म्हटलं, सर, वरचा मजला का नाही घेतलात? सर म्हणाले, "तिला जिना चढताना दम लागायचा." आणि सांडशी घेऊन चहाचं भांडं उतरवायला वळले. बाईंच्या मागे आतली खोली बंदच होती. बुरशी आली ती त्या खोलीत.

सुरुवात एका बातमीनं झाली. चीनच्या धावपटू मुली शर्यती मारतायत आणि त्या कसल्याशा बुरशीचं औषध घेतात, असं नव्वदच्या दशकात पेपरात आलं होतं. वर्गात सरांनी ते कात्रण फिरवलं. बातमीच्या कडेला लाल पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'किती जणींना दिलं नाही?' पण त्या दिवशी सर नेहमीसारखे तिथेच थांबले नाहीत. ती बुरशी अळीच्या अंगावर वाढते, म्हणाले, ती आपल्याला जमायची नाही. पण लाकडावर वाढणारी एक आहे, तांबडी, वार्निश मारल्यासारखी चकचकीत. जपानकडे तिला रेशी म्हणतात. तिनंही दम वाढतो, थकवा जातो, असं ते लोक शेकडो वर्षं म्हणत आलेत. "म्हणत आलेत खरं," सर म्हणाले. "दिसलंय का ते बघायला पाहिजे."

पहिल्या वेळी त्यांची फजिती झाली. बी पुण्याहून आणलं. लाकूड म्हणून त्यांनी द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या घ्यायचं ठरवलं, कारण एप्रिलच्या छाटणीनंतर आमच्याकडे त्या बांधावर ढिगानं पडतात. माझ्या मामांच्या बागेतून टेम्पोभर काड्या आल्या. सरांनी त्या कुटल्या, उकळल्या, पिशव्यांत भरल्या, बी पेरलं. महिना झाला, दोन झाले, पिशव्या ढिम्म. मग एका रविवारी स्वतःच कपाळाला हात लावून हसत बसले. त्या काड्यांवर वर्षभर मोरचूद आणि काय काय फवारलेलं. बुरशी जगू नये म्हणून जेवढं माणसाला करता येतं तेवढं सगळं केलेलं. घरी हे सांगितलं तर वडिलांना ठसका लागला. "आम्ही जिला मारायला जिवाचं रान करतो, तुझा मास्तर तिलाच पेरतोय व्हय? अन् तेबी आमच्याच काड्यांत?"

मग वखारीतून आंब्याच्या लाकडाचा भुसा आला आणि जमलं. माझं टी.वाय. तोवर संपलं होतं, पण सरांना पिशव्या भरायला माणूस लागायचा म्हणून मी रविवारची सिटी बस धरून जायचे. मी आले की सर पुढचं दार सताड उघडून त्याला वीट लावून ठेवायचे. कुणाला काही बोलायला जागा राहू नये म्हणून. ती वीट एरवी तुळशीच्या कुंडीखाली असायची. ज्या रविवारी पहिला कोंब दिसला, त्या दिवशी सरांनी टकटक केलं, दार उघडलं, आणि आत न जाता उंबऱ्यावरच उभे राहिले. "शे," आहे म्हणायच्या ऐवजी अहिराणीतच म्हणाले. "काहीतरी शे."

सुरुवातीला ती अळंबी पंख्यासारखी पसरतच नव्हती. हाताच्या बोटांसारखी नुसती वर वर वाढायची, पांढरी टोकं करून. सरांनी समजावून सांगितलं, खोली कोंदलेली असली की ती अशीच वाढते. खिडकीला जाळी मारून वारा आत घेतला, तेव्हा तिनं पंखा धरला. वाळवून दळली की तिची भुकटी एवढी कडू व्हायची की जिभेला लागलेली चव दुपारच्या जेवणापर्यंत टिकायची.

आता ती खाणार कोण, हा प्रश्न होता. स्वतः सरांनी ती चाखण्यापलीकडे कधीच घेतली नाही. "मला माहीत असतं ना काय खातोय. मग उपयोग काय?"

खाणारे मिळाले पांडवलेणीवर. सर रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचे. तिथे रोजचे चढणारे असतात, त्यांची आपोआप टोळी होते. सरांना आयुष्यात मिळालेली ती एकच टोळी. कापडाचे व्यापारी शिरोडे शेठ, दोन-तीन रिटायर्ड मंडळी, एक शिक्षिका, आणि तात्या बोराडे.

तात्या सिन्नरकडचे, जन्मभर ट्रकवर ड्रायव्हर, आता मुलाकडे पाथर्डी फाट्याला राहायचे. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलेला. गळ्यात तुळशीची माळ. शिरोडे शेठ त्यांना म्हणायचे, "ड्रायव्हर आणि माळकरी? तात्या, ढाब्यावर काय फुलं खात होता का?" तात्या म्हणायचे, "वरण खायचो. शेठ, तुमच्या कापडापेक्षा घट्ट असायचं." चढणीच्या मध्यावर वळणाशी एक सपाट दगड आहे, तिथे सगळे बसायचे. तात्या खिशातून झेंडूचं एक फूल काढून त्या दगडाच्या कोपऱ्यावर ठेवायचे. देवाला का, विचारलं तर म्हणायचे, "डोंगराला. रोज अंगावर चढू देतो, त्याला काय तरी नको का?" सर जगात फक्त त्या दगडावर बसून खायचे. तात्यांच्या घरची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, तात्यांच्या समोर बसून.

सरांनी त्या दगडावरच सगळ्यांना नीट समजावलं. मी एक पुडी देईन, रोज सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची. काहींच्या पुडीत अळंबी असेल, काहींच्या पुडीत नुसती नागली, म्हणजे नाचणीचं पीठ. कुणात काय, ते मलाही माहीत नसेल. ही माझी विद्यार्थिनी भरेल, तिलाच ठाऊक. वर्षानं सांगू. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर माझ्या लक्षात आलं, प्रत्येकानं मान डोलावली ती नागली दुसऱ्याला मिळणार आहे असं समजून.

नागली ओळखू येऊ नये म्हणून तिच्यात किराईत घालायचं ठरलं, तेवढंच कडू. मी चिठ्ठ्या टाकून नावं पाडली आणि पुड्या बांधायला बसले. तेवढ्यात सर म्हणाले, "तात्यांच्या पुडीत मात्र नागलीच घाल. चिठ्ठी काही निघो."

मला ते पटलं नाही. मी पदवीधर होते आणि मला पदवीचा तोरा होता. म्हटलं, "सर, मग चाचणी कच्ची राहील. तुम्हीच शिकवलंय."

"राहू दे तेवढा एक टाका कच्चा. त्यांच्या गळ्यात माळ आहे. अळंबीला त्यांच्यात अर्धं मटणच समजतात."

"मग त्यांना घेऊच नका ना."

सर थोडा वेळ दोरा गुंडाळत राहिले. "त्यांना वगळून बाकीच्यांना कशी देऊ?" म्हणाले. "सगळे बसलेले असतात."

एवढ्या वर्षांत सरांनी शास्त्राशी केलेली ती एकुलती एक लबाडी.

ते वर्ष सरांचं फार चांगलं गेलं. सकाळी घड्याळ हातात घेऊन पायथ्याशी उभे राहायचे, एकेकाला सोडायचे, मग स्वतः मागून येऊन दगडावर सगळ्यांना गाठायचे आणि ज्याची त्यानं पाहिलेली पोचायची वेळ वहीत उतरवायचे. टोळीला चेव चढला होता. शिरोडे शेठ दुकानात गिऱ्हाइकांना पोटऱ्या दाखवायचे. शिक्षिका बाई म्हणाल्या, शाळेचा जिना आता मी न थांबता चढते. तात्यांचा गुडघा जिथे कुरकुरायचा तिथे ते गुणगुणायला लागले. हिवाळा आला तसे तात्या शर्टाचं वरचं बटण लावून मफलर गुंडाळायला लागले. उन्हाळ्यात मफलर गेला, बटण राहिलं. त्याच्याकडे आमच्यापैकी कुणाचं लक्ष गेलं नाही. सरांचं लक्ष पायांकडे आणि घड्याळाकडे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सरांनी मला दगडावर बोलावलं. सगळे जमले होते. शेठनी जिलबी आणली होती, अळंबीचा सत्कार म्हणून. कुणाला काय होतं ती यादी मी सरांना आदल्या दिवशी दिली होती. सरांनी आधी निकाल सांगितला. सगळ्यांचाच दम वाढला होता, सगळेच आधीपेक्षा भरभर चढत होते. अळंबी घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात मात्र फरक दिसला नव्हता.

"म्हणजे?" शेठ म्हणाले.

"म्हणजे चढून चढता येतं," सर म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असेल का? तीन वर्षांची मेहनत होती. पण तोंडावर उलट एक प्रकारचा उजेड होता. दिसलं ते म्हणता आलं, याचा.

मग मी नावं सांगितली. शिरोडे शेठना नागली होती.

शेठ जिलबी हातात धरून बघत राहिले. "मला नागली? का? मी काय आजारी आहे?"

"शेठ, चिठ्ठी निघाली."

"अहो, पण मला फरक पडला होता. अख्ख्या मेनरोडला माहितीये."

"पडलाच आहे," सर म्हणाले. "नागलीनं नाही पडला, एवढंच."

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. आपल्याला फसवलं, आपल्याला पोरंटोरं समजून किराईत पाजलं, असं त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि ज्यांना नागली होती ते एकेक करून त्यांच्या बाजूला गेले. ज्यांना खरी अळंबी होती तेही खूश नव्हते, कारण त्यांना खरी मिळून काही जास्त झालं नव्हतं. सर प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगत होते की हे आधीच ठरलं होतं. ते खरं होतं, आणि ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

तात्या मात्र शांत बसले होते. सगळा गलका खाली बसल्यावर त्यांनी विचारलं, "सर, माझ्यात काय होतं?"

सर त्यांच्याकडे वळले. ते तोंड मला अजून दिसतं. एखाद्यासाठी आणलेली वस्तू वर्षभर लपवून ठेवावी आणि आता द्यावी, तसं. "तुमच्यात पहिल्यापासून नागलीच, तात्या. चिठ्ठीबिठ्ठी नाही. तुमची माळ मोडू नये म्हणून मीच हिला सांगितलं होतं."

तात्यांचा हात वर गेला. वरचं बटण चाचपत राहिला. मग त्यांनी ते काढलं. गळा मोकळा होता.

"मंग मी माळ कशाला उतरवली?" तात्या म्हणाले.

शेठनी हातातली जिलबी पुड्यात ठेवली.

"वरीस झालं. तोंडात असलं घालायचं अन् गळ्यात माळ ठेवायची, ते मला नाय जमलं. देव्हाऱ्यात ठेवली काढून. एकादशीला आत नाय गेलो देवळात, बाहेरून हात जोडले. बायकोशी खोटं बोललो, म्हटलं दोरा तुटला."

"तात्या, तुम्ही विचारायचं तरी. नाही म्हणायचं," सर म्हणाले.

"तुम्हाला?" तात्यांनी सरांकडे पाहिलं. "मला दमाचं काय पडलं होतं, सर. गुडघ्याला तर मी कवाच सोडून दिलेलं. तुम्ही येवढं जीव लावून वाढवलं, पुडी हातात दिली. नाय कसं म्हणू?" मग बटण परत लावत, "येवढं कानात सांगायचं होतं."

सरांनी तोंड उघडलं. "चाचणी होती," एवढंच म्हणाले.

तात्या उठले, चपला घातल्या, आणि उतरायला लागले. रागानं नाही, नेहमीच्या चालीनं, डावा पाय आधी टेकवत.

टोळी त्या दिवशी मोडली. बाकीच्यांचं सरांना काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. तात्यांच्या घरी ते दोनदा गेले. पहिल्या वेळी वहिनींनी चहा दिला आणि तात्या मागच्या अंगणात आहेत म्हणाल्या. सर चहा संपेपर्यंत बसले, तात्या पुढे आले नाहीत. दुसऱ्या वेळी सरांनी बाहेरूनच खिडकीतून देव्हाऱ्याकडे पाहिलं. माळ तिथेच होती. माळ पुन्हा घालायची तर त्यालाही रीत आहे, महाराजांकडे जावं लागतं, का उतरवली ते सांगावं लागतं. तात्या काय सांगणार होते?

पुढचा महिनाभर मला सरांकडे जायला जमलं नाही. मग एका रविवारी गेले तर सरांनी दाराला वीट लावली, चहा टाकला, पण आतल्या खोलीकडे गेले नाहीत. मीच गेले. टकटक केलं, कारण सवय लागली होती. खिडकी बंद होती. पिशव्यांतून सगळीकडे ती बोटं वर आलेली, पांढऱ्या टोकांची, पंखा न धरलेली. मी खिडकी उघडली. सर बाहेरून म्हणाले, "राहू दे."

त्याच हिवाळ्यात सरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. सकाळी दगडावर आलं की कोपऱ्यात झेंडूचं फूल असतं. सुकायला लागलेलं, आदल्या दिवसाचं. "तात्या संध्याकाळचे चढतात," म्हणाले. "चढणं सोडलेलं नाही." हे सांगताना ते त्यांच्या निकालाइतकेच खूश होते.

मी म्हटलं, "सर, मग तुम्हीही संध्याकाळी जा. भेट तरी होईल."

"मग त्यांना तिसरी वेळ शोधावी लागेल," सर म्हणाले.

मला नोकरी लागली. विंचूरला वाइनचे कारखाने निघाले, त्यातल्या एकाच्या प्रयोगशाळेत. द्राक्षाच्या रसात यीस्ट घालायचं आणि ते जगतंय ना यावर डोळा ठेवायचा. वडील म्हणाले, "येवढं शिकून शेवटी बुरशीच पोसायला लागली." सरांना कळवलं तर म्हणाले, "ये. माझ्याच पंगतीत बसलीस."

त्याच सुमारास एक गंमत झाली. तिला गंमतच म्हणायचं. शहरात त्या वेळी साखळी पद्धतीनं औषधं विकणाऱ्यांचं पेव फुटलं होतं. एक सभा रेशीच्या कॅप्सूलची होती, द्वारका चौकाजवळच्या हॉटेलात, आणि व्यासपीठावर गळ्यात टाय बांधून शिरोडे शेठ. त्यांनी सरांना आग्रहानं नेलं. प्राध्यापक माणूस समोर बसला तर वजन पडतं. सरांनी सोबतीला मला घेतलं. शेठ माइकवर सांगत होते, याच अळंबीनं माझा दम परत आला, वर्षभर पांडवलेणी चढत होतो. सर ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला आणि मुंबईहून आलेल्या मुख्य माणसाला विचारलं, "ज्यांना दिली नाही, त्यांचं काय झालं?"

तो माणूस तयार होता. "सर, आपल्या परिवारात आपण कुणालाच नाही म्हणत नाही." हॉल टाळ्यांनी दणाणला.

बाहेर आल्यावर मला वाटलं सर चिडले असतील. ते रिक्षा बघत उभे होते. "टाळ्या एकदम वाजवतात," म्हणाले. "सगळे मिळून." आणि मग रिक्षात बसल्यावर, "शेठ बरे दिसले."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका जानेवारीत. सर केव्हाच रिटायर झाले होते, आतली खोली रिकामी करून चुना मारला होता. मी माहेरी आले होते, सकाळी सरळ पांडवलेणीला गेले, कारण तिथे ते असणारच. पायथ्याशी घड्याळाला चावी देत उभे होते. मला बघून "आलीस का," म्हणाले, जणू कालच भेटलो होतो. चढताना थांबत थांबत चढत होते. जिममध्ये जाणारी दोन पोरं आमच्या बाजूनं धावत वर गेली. त्यातलं एक परत उतरताना थांबून म्हणालं, "काका, या वयात रोज? काय घेता काय?"

"नागली," सर म्हणाले.

दगडाशी आलो. सरांनी आधी कोपऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. दगड मोकळा होता. तात्यांचं फूल वाऱ्यानं उडालं असेल म्हणून मी मागे, खालच्या गवतात नजर टाकली. काही नव्हतं.

"काल थंडी फार होती," सर म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं.

"परवाही थंडीच होती." सर बसले. डबा मांडीवर घेत म्हणाले, "चार दिवस झाले."

मी म्हटलं, सर, आपण त्यांच्या घरी जाऊन येऊ या का, मी येते बरोबर. सरांनी मान हलवली, ती नाही म्हणून का बघू म्हणून, ते कळलं नाही. ऊन पायऱ्यांवर उतरायला लागलं. ही सरांची उतरायची वेळ. इतक्या वर्षांत ती कधी चुकलेली मी पाहिली नव्हती. मी उठले, ओढणी झटकली, त्यांच्यासाठी थांबले.

"तू उतर," सर म्हणाले. "मी आज संध्याकाळपर्यंत बसणार आहे."

डब्यात काही आहे का, विचारलं. भाकरी आहे म्हणाले. पाण्याची बाटली दाखवली. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात टाकलं.

खाली फाट्याशी जीपची वाट बघताना मी वर पाहिलं. एवढ्या लांबून माणूस ओळखू येत नाही, पण दगड ओळखू येतो. त्याच्या एका टोकाला पांढरा शर्ट होता. दुसऱ्या टोकाला, फूल ठेवायच्या बाजूला, एका माणसापुरती जागा सोडलेली होती, आणि शर्टाचं तोंड खालून वर येणाऱ्या पायऱ्यांकडे होतं.